मस्कत व अमेरिका यांचा १८३३ चा तह

किराणा दुकानातील खारीक व लवंग मुलांच्या परिचयाची असते. या पाठाचा आरंभ तेथूनच करावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरबस्तानातील मस्कत बंदर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे जंजिबार बेट, ही दोन्ही सय्यद सईद बिन सुलतान या एकाच राज्यकर्त्याच्या अंमलाखाली होती. हिवाळ्यात ईशान्येकडील वाऱ्यावर गलबते मस्कतेहून दक्षिणेस जात आणि नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू झाला म्हणजे परत येत. हा मार्ग नकाशावर बोटाने दाखविल्यास दोन इतक्या दूरच्या प्रदेशांवर एकाचे राज्य कसे चालले असेल, ही मुलांची शंका आपोआप फिटते.

जंजिबारच्या बाजारात अमेरिकेच्या सेलम बंदराची जहाजे येऊ लागली होती. ती हस्तिदंत, लवंग आणि रोगणासाठी लागणारी कोपल राळ नेत व त्याबदली जाडेभरडे सुती कापड देत. पूर्व आफ्रिकेत या कापडाचे नावच ‘मेरिकानी’ पडले. एडमंड रॉबर्ट्स हा अमेरिकन व्यापारी १८२७-२८ च्या सुमारास जंजिबारास गेला होता. तेथील जकातीचा व निर्बंधांचा त्याला जाच झाला. मायदेशी परतल्यावर त्याने तहाची आवश्यकता सरकारपुढे मांडली आणि १८३२ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी त्यालाच वकील म्हणून पाठविले. कामगिरी गुप्त राहावी यासाठी ‘पीकॉक’ या लढाऊ जहाजावर त्याची नोंद कप्तानाचा कारकून अशी करण्यात आली होती. वाटेत सयामशी एक तह करून तो मस्कतेस पोचला. २१ सप्टेंबर १८३३ रोजी तहावर सह्या झाल्या.

तहाची कलमे अवघी नऊ आहेत. अमेरिकन जहाजांनी सुलतानाच्या कोणत्याही बंदरात व्यापार करावा. उतरविलेल्या मालावर शेकडा पाच जकात द्यावी, याखेरीज दुसरी पट्टी नाही. अमेरिकन नागरिकांचे आपापसांतील तंटे त्यांच्या वकिलाने तोडावे. या अटी त्या काळच्या इतर तहांसारख्याच आहेत. वेगळे आहे ते पाचवे कलम. जहाज फुटून किनाऱ्यास लागलेल्या खलाशांचा खर्च अमेरिकेने भरून द्यावा, असे रॉबर्ट्सच्या मसुद्यात होते. सईदने ते मान्य केले नाही. संकटात सापडलेल्यांना मदत केल्याचा मोबदला सुलतान घेऊ शकत नाही, असे शब्द त्याने घालावयास लावले. १६७४ मध्ये रायगडावर इंग्रजांशी तह होत असताना फुटक्या जहाजांच्या कलमास शिवाजी महाराजांकडून हरकत घेतली गेली होती, हे शिक्षकांनी येथे सांगण्यासारखे आहे. किनाऱ्यास लागलेला माल तेथल्या सत्तेचा, हा जुना प्रघात सर्वत्र होता. सईदचे औदार्य त्यामुळे अधिक स्पष्ट होते.

या शब्दांची परीक्षा लवकरच झाली. तहास मान्यता मिळाल्याचे कागद घेऊन रॉबर्ट्स १८३५ मध्ये परत येत असता मसिरा बेटाजवळ ‘पीकॉक’ खडकावर चढले. जहाज हलके करण्यासाठी काही तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. रॉबर्ट्स व काही खलाशी लहान होडीतून मस्कतेस गेले. सईदने तत्काळ आपले ‘सुलताना’ जहाज मदतीस धाडले आणि पुढे समुद्रातून काढलेल्या तोफाही काही न घेता पोचत्या केल्या. ‘पीकॉक’ची दुरुस्ती मुंबईच्या गोदीत झाली. रॉबर्ट्स मात्र मायदेशी परतला नाही. १८३६ मध्ये मकाव येथे त्याचा अंत झाला.

मुंबईतच बांधलेले ‘सुलताना’ ३० एप्रिल १८४० रोजी न्यूयॉर्कला पोचले. त्याचा प्रमुख अहमद बिन नामान हा होता. खजूर, गालिचे, कॉफी, लवंग असा माल आणि अध्यक्षांसाठी दोन अरबी घोडे व मोती जहाजावर होते. पण अमेरिकेच्या घटनेप्रमाणे अध्यक्षांना परक्या राजाची भेट परस्पर स्वीकारता येत नाही. शेवटी घोडे लिलावात गेले व पैसा खजिन्यात जमा झाला. मुलांना याचे हसू येईल. येऊ द्यावे, पण नियम का केला असेल हेही विचारावे. अमेरिकन सरकारने जहाजाची डागडुजी आपल्या गोदीत विनामूल्य करून दिली.

एक गोष्ट या नऊ कलमांत कोठेही नाही. जंजिबारची लवंग गुलामांच्या श्रमावर पिकत होती आणि हस्तिदंत समुद्रकाठी आणताना तो वाहण्याचे कामही पुष्कळदा त्यांच्याच खांद्यांवर पडे. फुटक्या जहाजाच्या खलाशाला आसरा देणाऱ्या तहात त्यांच्याविषयी एक अक्षर नाही. वरच्या वर्गात हे सांगितल्याशिवाय पाठ पुरा करू नये.

१८३७ मध्ये अमेरिकेचा वकील जंजिबारास राहू लागला. १८३९ मध्ये इंग्लंडने व १८४४ मध्ये फ्रान्सने सईदशी व्यापारी तह केले. अमेरिकेबरोबरचा मूळ तह मस्कतेच्या बाबतीत सव्वाशे वर्षे चालला. २० डिसेंबर १९५८ रोजी सलाला येथे झालेल्या नव्या तहाने त्याची जागा घेतली.