खुलताबादहून सायकलने कामावर: खर्च किती आणि कशावर

खुलताबादेत सायकल घ्यायची तर किमतीच्या आधी रस्ता बघावा लागतो. गाव पठारावर आहे. वेरूळकडे निघा नाहीतर दौलताबादकडे, सकाळी उतार लागतो आणि संध्याकाळी दमून परतताना तोच रस्ता चढायचा असतो. म्हणून सपाट गावातला गिऱ्हाईक जे पैसे रंगावर, सस्पेन्शनवर आणि जाडजूड टायरवर घालतो, ते इथे ब्रेक, रिम आणि फ्रीव्हील यांच्यावर घालायला हवेत. खालचे भाव साधारण आहेत. दुकानागणिक शे-दोनशेचा फरक पडेल, एकूण हिशेब फारसा हलणार नाही.

आधी अंतर. वेरूळ चार-पाच किलोमीटरवर आहे. लेणी, घृष्णेश्वर, तिथली हॉटेले आणि दुकाने यांत काम करणाऱ्यांसाठी सायकलीला याहून सोयीचे अंतर नाही. तहसील, शाळा, रुग्णालय अशा गावातल्या नोकरीला तर घरात पडून असलेली कुठलीही सायकल चालेल. दौलताबाद रस्त्यावर हातकागदाचे कागजीपुरा आहे, तिथपर्यंतही रोज जाता येईल. त्यापुढे घाट उतरून दौलताबादला जाऊन रोज परत चढायचे तर अंगाला सवय हवी. छत्रपती संभाजीनगर मात्र सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे घाट धरून रोज ५०. हे मी कुणाला सुचवणार नाही. शहरात नोकरी असणाऱ्यांसाठी वेगळी सोय पुढे सांगितली आहे.

साधी, बिनगियरची काळी सायकल ६,००० ते ८,००० रुपयांत मिळते. २१ गियरची १०,००० ते १६,०००ला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे कर धरून ८,०००ला मिळणारी सायकल आता ७,५००च्या आसपास पडायला हवी. बिलावर ५ टक्केच लावले आहेत ना, हे दुकानातच बघून घ्या.

घाट म्हटल्यावर सगळे गियरची सायकल सुचवतात. वेरूळपर्यंतच जायचे असेल तर माझे मत थोडे वेगळे आहे. स्वस्त गियरच्या सायकलीचे डिरेलर वर्षभरात कुरकुरायला लागतात, तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतीलच असे नाही, आणि एका केबलसाठी शहराची फेरी पडते. साधी सायकल कुठलाही पंक्चरवाला खोलून जोडून देतो. तिचा चढावरचा त्रास कमी करायला एक स्वस्त उपाय आहे, तो दुकानदार आपणहून क्वचितच सांगतो. या सायकलींना बहुतेक वेळा पुढे ४४ दाते आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. पायडलचा एक फेरा झाला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवा, तीच सायकल एका फेऱ्याला साडेचार मीटर जाईल, आणि पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होईल. फ्रीव्हील १०० ते २०० रुपये, बसवायची मजुरी पन्नास-शंभर, चेनला एखादी कडी वाढवावी लागली तर तिचे थोडे पैसे. सपाटीवर वेग थोडा घटतो. खुलताबादेत सपाटी आहेच किती?

दौलताबादपर्यंत रोज जाणार असाल, गुडघे दुखत असतील किंवा पाठीवर ओझे असेल, तर मात्र गियरचीच घ्या. ती घेताना मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते मोजा. २८ किंवा त्याहून जास्त हवेत. दुकानदार गियर किती ते सांगतो. चढ किती सोपा जाईल ते या चक्रावर ठरते.

आता ब्रेक. इथे काटकसर करू नका, एवढे आग्रहाने सांगतो. साध्या सायकलीची रिम चकचकीत स्टीलची असते. कोरड्या दिवसात ती चालून जाते, पण पावसात ओल्या स्टीलवरून ब्रेकचे रबर घसरते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. वेरूळच्या उतारावर, पुढे पर्यटकांची बस वळण घेत असताना, ते अंतर मिळत नाही. अॅल्युमिनियमची रिम ओली असतानाही ब्रेक बरा धरते. एक रिम ३५० ते ६००, तारा ओवून आउट काढायची मजुरी चाकामागे १५० ते २५०. दोन्ही चाकांचे मिळून हजार ते सतराशे रुपये होतील. एकदम एवढे जमत नसेल तर पुढचे चाक आधी करा, कारण उतारावर खरा भार पुढच्या ब्रेकवर असतो. ब्रेक रबरची जोडी ६० ते १५० रुपयांना येते. घाटात ती लवकर झिजते, म्हणून वर्षातून तीनदा बदलायची तयारी ठेवा. रबर झिजून आतले लोखंड रिमला लागले की रिमही जाते आणि पन्नास रुपये वाचवल्याचे पाचशे होतात.

बाभळीचे काटे हा आपल्याकडचा कायमचा खर्च. रस्त्याच्या कडेने चालवावे तर काटे, मधून चालवावे तर गाड्या. पंक्चरचे २० ते ४० रुपये लागतात आणि महिन्यातून एखादे धरूनच चाला. टायरच्या आत बसवायची लायनरची पट्टी १५० ते ३०० रुपयांत जोडी मिळते. नाहीतर जुनी ट्यूब उभी कापून आत अंथरायची जुनी युक्ती आहे. तिने चाक थोडे जड होते, पण काटा बहुतेक वेळा तिथेच अडतो. पंक्चरचे सामान आणि हातपंप मिळून चारशेच्या आसपास जातात. घाटाच्या मध्यावर दुकान नसते, त्यामुळे हे दोन्ही जवळ हवेच.

पहिल्या दिवशीचा वरचा खर्च लोक हिशेबात धरत नाहीत. कुलूप २०० ते ४००, पुढचा-मागचा दिवा ३०० ते ६००, हेल्मेट ८०० ते १,५००, रेनकोट ५०० ते ८००, मागे आणि पायडलला चमकपट्टी ५०. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड हे साध्या सायकलीला असतातच. गियरच्या सायकलीला बहुधा वेगळे घ्यावे लागतात, त्याचे सात-आठशे. सायकलवाल्याला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही. तरी घाट उतरणाऱ्याने ते घालावे. हे सगळे मिळून दोन-अडीच हजार वेगळे काढून ठेवा. त्यामुळे सायकलीचे बजेट आठ हजार असेल तर सायकल साडेपाच-सहाचीच बघा.

वर्षभर वेरूळला ये-जा केली तर रोजचे १० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे वर्षाला ३,००० किलोमीटर होतात. त्याला टायर-ट्यूबचा हिस्सा ५५०, पंक्चर ३५०, ब्रेक रबर ५००, दोनदा खोलून तेल-ग्रीस ८००, चेनचा हिस्सा आणि तेल २००. एकूण २,४००, म्हणजे महिन्याला २०० रुपये. हेच अंतर मोटारसायकलवर काटले तर घाटात लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरून महिन्याला सुमारे ५८० रुपये जातात, वर्षाला सात हजार. मोटारसायकल घरात असतेच, तिचा विमा चुकत नाही, त्यामुळे तो मी हिशेबात धरलेला नाही. नुसत्या पेट्रोलच्या बचतीतून आठ हजारांचा सगळा खर्च पावणेदोन वर्षांत भरून निघतो.

एसटीशी तुलना केली तर आकडे निराळे बोलतात, तेही सांगायला हवे. २५ जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला सहा किलोमीटरच्या टप्प्याचे दहा रुपयांच्या आसपास पडतात. मासिक पासला २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास करता येतो, म्हणजे वेरूळचे महिन्याला चारशेच्या आसपास. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यांचे रोज तिकीट काढूनही महिन्याला अडीचशे होतात. पैशापुरते बघितले तर वेरूळला जाणाऱ्या बाईची सायकल घेऊन फारशी बचत होत नाही. तिचा वाचतो तो वेळ. सुट्टी झाल्यावर बसची वाट बघत उभे राहावे लागत नाही, वाटेत भाजी घेता येते, मुलाच्या शाळेत डोकावता येते. माझ्या लेखी हे कारण पेट्रोलच्या बचतीइतकेच वजनदार आहे. अशा घरांसाठी आणखी एक गोष्ट. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. अशी सायकल बारावीनंतर घरात पडून असेल तर नवी घेण्याआधी तिच्यावर हजार-बाराशे खर्च करून ती नीट करून घ्या.

शहरात नोकरी असेल तर एसटीचा पास आणि शहरात ठेवलेली जुनी सायकल ही जोडी उत्तम. २५ किलोमीटरचे एका वेळचे पन्नासच्या आसपास धरले तर पास २,०००ला पडतो. मोटारसायकलला पेट्रोलच २,९०० लागते. बसस्थानकापासून कामापर्यंत रोज रिक्षा करण्यापेक्षा अडीच-तीन हजारांची जुनी सायकल मासिक भाड्याच्या पार्किंगमध्ये ठेवावी.

बॅटरीच्या सायकलीबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. किंमत २५,००० ते ४०,०००. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी, परवाना लागत नाही. एका चार्जिंगला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, ती चार-पाच रुपयांची. विकणारा एवढेच सांगतो. बॅटरी मात्र तीन-चार वर्षांत बदलावी लागते आणि तिचे दहा ते पंधरा हजार होतात. दिवसाला दहा रुपये त्यासाठी बाजूला टाकायची तयारी असेल तरच घ्या. ज्यांना चढ खरोखर झेपत नाही त्यांनी ती जरूर घ्यावी, कारण सायकल चालवणे थांबण्यापेक्षा ते बरे.

काही दिवस रस्त्याचा अंदाज बदलतो. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीसाठी शहराकडून रात्रभर पायी येणाऱ्या भाविकांनी दौलताबादचा रस्ता भरलेला असतो. पहाटे निघणाऱ्याने दिवा लावून, घंटी वाजवत, चालत्या वेगाने जावे. उरुसात गावातून सायकल हातात धरून न्यावी लागते. श्रावणी सोमवारी वेरूळला गर्दी, पावसाळ्यातल्या रविवारी म्हैसमाळ आणि लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्या. मंगळवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी घाट त्यामानाने मोकळा. नवी सायकल शिकायची, ब्रेकची सवय करायची तर मंगळवारची सकाळ निवडा.

जुनी सायकल घेताना हँडलखालचा फ्रेमचा जोड नीट बघा. तिथे रंगाखाली चीर दिसली तर फुकटही नको. पायडलचा दांडा आडवा हलवून बघा, चाक उचलून फिरवा, आउट किती आहे ते डोळ्यांना दिसते. नवी असो वा जुनी, पायडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून बिलाच्या फोटोबरोबर ठेवा. चोरी झाली तर पोलीस तक्रारीत तोच क्रमांक द्यावा लागतो. आणि ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. जोडणीचे ३०० ते ५०० रुपये वेगळे धरा, आणि जोडणाऱ्याला सांगून दोन्ही ब्रेक उतारावर तपासल्याखेरीज पैसे देऊ नका.