खरेदी नेमकी कुठे सुरू होते? (गीता, अध्याय 2, श्लोक 62 ते 64)



आजच्या वाचनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले 62, 63 आणि 64 हे तीन श्लोक घेतले आहेत. स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगता सांगता भगवंत इथे माणूस घसरतो कसा, हेही सांगतात. श्लोक पुष्कळांना पाठ आहेत. आज ते मोबाइलवरची खरेदी डोळ्यासमोर ठेवून वाचू. नवरात्र-दिवाळीचे सेल लागले की हा विषय घरोघर निघतोच.

भावार्थ

एखाद्या विषयाचं मनात सारखं चिंतन चाललं की त्याच्याशी संग जडतो. संगातून काम, म्हणजे इच्छा उठते. इच्छेच्या आड काही आलं की क्रोध येतो. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. आणि बुद्धी गेली की माणूस हातचा गेला.

ही साखळी हात पुढे करण्यापासून सुरू होत नाही, हे नीट बघा. ती सुरू होते नुसतं मनात घोळवण्यापासून. आपण मात्र स्वतःला आवरायला जातो ते पैसे भरायच्या वेळी. तोवर तीन-चार पायऱ्या उतरून झालेल्या असतात. मग आवरत नाही, आणि आपण म्हणतो, "माझ्यात संयमच नाही." संयम कमी असेलही, पण तो लावायची जागा चुकते हे जास्त खरं. ज्ञानेश्वर माऊलींनी इथे विषाचा दृष्टान्त दिला आहे. विष लेशभरच घेतलं तरी ते अंगभर पसरतं, तसा विषयाचा नुसता शिरकाव मनात झाला तरी विवेकाचा घात होतो.

मोबाइलवरच्या पायऱ्या

चिंतन: काही घ्यायचं नसताना सहज ॲप उघडलं, अर्धा तास बोटाने वर सरकवत राहिलो.

संग: वस्तू विशलिस्टमध्ये टाकली. अजून घेतली नाही, पण मनाने ती "आपली" झाली.

काम: "फक्त 2 तास शिल्लक" असं घड्याळ दिसलं. आता ती पाहिजेच.

क्रोध: घरातून कुणी विचारलं, "कशाला हवंय?" एवढ्यावर आवाज चढतो. एरवी शांत असणारा माणूस पेमेंट अडकलं तरी चिडतो.

संमोह: 2,000 ची वस्तू 999 ला मिळाली, म्हणजे 1,001 रुपये वाचले! वाचले कुठे? 999 गेले.

स्मृतिभ्रंश: तसलीच वस्तू कपाटात आहे, हे आठवत नाही. मागचे हप्ते चालू आहेत, तेही आठवत नाही.

बुद्धिनाश: "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे फुकट, असं वाटायला लागतं. क्रेडिट कार्डावर बहुतेक वेळा व्याजाएवढी सूट किमतीत आधी दाखवतात आणि बँक व्याज लावतेच. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आपल्याकडून जातो, आणि पुष्कळ बँका प्रक्रिया शुल्कही घेतात. एरवी भाजीच्या जुडीला घासाघीस करणारे आपण हा हिशोब करत नाही.

दुकानदारालाही हा श्लोक कळला आहे

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे, म्हणून हे जरा सांगावंसं वाटतं. इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये जितक्या पायऱ्या, तितका माणसाला विचार करायला वेळ. म्हणून पायऱ्या काढून टाकणं हे मोठं कौशल्य मानलं जातं. एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीचं अमेरिकेतलं पेटंट ॲमेझॉनला 1999 साली मिळालं, आणि 2017 पर्यंत ते चाललं. आपण काय बघितलं, कशावर किती थांबलो, याची नोंद ठेवून तेच पुन्हा पुढे आणायचं, हेही यातलंच. म्हणजे आपल्या मनातलं चिंतन चालू ठेवायचं काम यंत्र करतं.

काही ठिकाणी तर सरळ फसवणूक असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा "डार्क पॅटर्न"विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 13 प्रकार दिले आहेत. खोटी घाई दाखवणं, न विचारता कार्टमध्ये भर घालणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण ठेवणं, हे सगळं त्यात आहे. असं दिसलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ती जरूर करावी. पण कायदा खोटं घड्याळ काढायला लावेल, आपलं चिंतन काढणार नाही.

आपल्याकडे आठवडी बाजार असतो. सात दिवसांत एकदा. घरून यादी करून जायचं, खिशातले पैसे संपले की पिशवी उचलून परत यायचं. मधले सहा दिवस मन बाजारात नसायचं. आता बाजार उशाशी झोपतो.

यात जातं काय?

माझ्या ओळखीत एक मुलगा आहे. सोलापूरला नोकरी, गावी कोरडवाहू शेती. मोबाइल, घड्याळ आणि बूट असे तीन हप्ते पगारातून जायचे. एकेक हप्ता छोटाच. मृग लागला, वडिलांनी सोयाबीनच्या बियाण्याला आणि खताला पैसे मागितले, तर खात्यात देण्यासारखं काही नव्हतं. बियाणं उधारीवर आलं. पोरगा व्यसनी नाही, कामाला चोख आहे. वडीलही काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी त्याच्याकडे मागणंच सोडलं. श्लोकातल्या शेवटच्या पायरीवर दर वेळी दिवाळंच निघतं असं नाही. कधी कधी एवढंच होतं, की घरच्यांना आपला आधार वाटेनासा होतो.

मग घ्यायचंच नाही का?

तसं भगवंत म्हणत नाहीत. 64 वा श्लोक म्हणतो, राग-द्वेष सोडून, इंद्रियं ताब्यात ठेवून जो विषयांतून वावरतो, त्याला प्रसाद मिळतो. इथला प्रसाद म्हणजे मनाची प्रसन्नता.

वावरणं कसं असतं हे आम्हा तामलवाडीकरांना दरवर्षी बघायला मिळतं. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भक्तांचा लोंढा आमच्या गावावरून जातो. वाटेत चहा आहे, फराळ आहे, दुकानं आहेत. चालणारा तहान लागली की पाणी पितो, चप्पल तुटली तर नवी घेतो, आणि पुढे निघतो. दुकानाकडे त्याची पाठ नसते, पण तोंड तुळजापूरकडे असतं. म्हणून तो अडकत नाही.

या आठवड्याचा अभ्यास

1. खरेदीच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करा. ॲप काढूनच टाकलं तर उत्तम. पहिली पायरी तिथेच तुटते.

2. काही घ्यावंसं वाटलं की विशलिस्टमध्ये न टाकता वहीत लिहा, पुढे तारीख टाका, आणि आठ दिवस हात लावू नका. भाद्रपद वद्य अष्टमीपासून आई तुळजाभवानीची मंचकी निद्रा सुरू होते, आणि घटस्थापनेला आई सिंहासनावर येते. एवढ्या मोठ्या उत्सवाआधी जर विश्रांती आहे, तर आपल्या इच्छेलाही आठ दिवस झोपू द्या. उठल्यावर ती तेवढीच खरी वाटली तर खुशाल घ्या. औषधं, लेकरांची वह्या-पुस्तकं यांना हा नियम लावू नका.

3. महिन्यातला एकच दिवस खरेदीचा ठेवा. यादी आधी घरात मोठ्याने वाचून दाखवा. वाचतानाच दोन-तीन नावं आपोआप गळतात, बघा.

4. चैनीची वस्तू हप्त्यावर नको.

5. रात्री झोपण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: आज माझं मन जास्त वेळ कशापाशी बसलं होतं? उत्तर आलं की पाच मिनिटं नामस्मरण करा. रिकामं मन पुन्हा बाजारातच जाणार, त्याला बसायला दुसरी जागा द्यावी लागते.

प्रार्थना

देवा, जे गरजेचं आहे ते दिलंस, त्याची आठवण राहू दे. डोळ्यांना थांबायचं कुठे ते कळू दे. घरात कुणी काही मागितलं तर माझा हात रिकामा नसू दे. आई राजा उदो उदो.

उद्या 65 वा श्लोक घेऊ.