घरात टीबी निघाला, तर पोरांनाही तपासायला न्या

घरातल्या कर्त्या माणसाला टीबी निघाला की सगळ्यांचं लक्ष त्याच्या गोळ्यांकडे जातं. पोर खेळतंय, जेवतंय, त्याला कशाला दवाखान्यात न्यायचं, असं घरोघरी म्हणतात. पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जंतू शिरला तर आजार झपाट्याने बळावतो, बहुतेक वेळा वर्षाच्या आतच. खोकला दिसेलच असं नाही. वजन वाढत नाही, ताप हटत नाही, पोर मलूल राहतं, एवढंच. म्हणून अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड सोबत घ्या.

बीसीजी टोचलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ती लस मेंदूच्या टीबीसारख्या जिवावरच्या प्रकारांपासून बरंच वाचवते, छातीच्या टीबीपासून पूर्ण नाही.

तपासून आजार नाही असं ठरलं, की तो पुढे होऊ नये म्हणून गोळ्या देतात. आयसोनियाझिड, रोज, सहा महिने, वजनाप्रमाणे. (दोन वर्षांवरच्यांसाठी आठवड्यातून एकदा, असे १२ डोस घ्यायचा दुसरा प्रकारही आहे.) आधी तपासणी हवीच, कारण आजार असताना एकच औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. रुग्णाचा टीबी मुळातच औषधांना दाद न देणारा असेल तर मुलाचं औषधही वेगळं. तेव्हा रुग्णाचे कागद विसरू नका.

आता लपवालपवीचं. लोक काय म्हणतील, मासळी कोण घेईल, या भीतीने घरं गप्प बसतात. टीबी मासळीतून पसरत नाही, ताटवाटीतूनही नाही. खोकल्याच्या हवेतून पसरतो. रुग्णाला घराबाहेर काढायचीही गरज नाही. मद्रासला १९५६ साली काही रुग्णांना घरी आणि काहींना इस्पितळात ठेवून उपचार केले, तेव्हा घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात जास्त लोक आजारी पडले नाहीत. लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. म्हणूनच पोरांची तपासणी लगेच, पुढच्या महिन्यावर नको.

बोटीवर वा खोलीत रुग्णाच्या शेजारी झोपणाऱ्या खलाशांनीही तपासून घ्यावं. सरकारी केंद्रात तपासणी आणि गोळ्या फुकट. तेरेखोलवाल्यांनी केरीची फेरीबोट धरून पेडणे गाठावं.