ताट तेच, भात मोजका



एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर आम्ही जमलेल्या बायांना एकच प्रश्न विचारला, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" उत्तरं जवळपास सारखीच आली. सकाळी चहा-खारी. कामाच्या घरी पुन्हा चहा, सोबत कधी पोहे, कधी उपमा. दुपारी तीन चपात्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी चहा-टोस्ट. रात्री भात आणि पातळ वरण. आमच्यातल्या एकीने फळ्यावर हे सगळं लिहिलं आणि विचारलं, "यातलं पीठ आणि साखर पुसून टाकली, तर काय उरतं?" तिने पुसलं. फळ्यावर उरली फक्त वरणाची पातळ वाटी.

त्या बायांपैकी चौघींना मधुमेह आहे. एका मावशींच्या पायाचं एक बोट गेल्या पावसाळ्यात काढावं लागलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात भात कमी करा, गोड कमी करा. पण मग खायचं काय, ते कोणी सांगत नाही." या वेळचं आरोग्य-पान मावशींच्या या प्रश्नासाठी आहे.

पिष्ट म्हणजे काय आणि ते कमी का करायचं

भात, चपाती, भाकरी, पोहे, रवा, साबुदाणा, बटाटा, मैदा आणि साखर ही नावं वेगवेगळी असली तरी पोटात गेल्यावर यांची मुख्यतः साखरच होते. यालाच पिष्टमय पदार्थ किंवा कार्बोहायड्रेट म्हणतात. शरीराला त्यांची गरज आहे, ते विष नाहीत. पण जेवणात तेच तेच भरलेलं असलं, शरीराची हालचाल कमी असली किंवा मधुमेह असला, तर रक्तातली साखर चढते आणि चढलेलीच राहते. पुढे ती डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसांवर घाव घालते.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त, सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते किती हैराण झाले होते, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचलेलं आहे.

आपल्या वस्तीत या आजाराला एक कारण जास्तीचं आहे. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे तांदूळ आणि गहू. त्याने घरातली उपासमार टळली, हे खरंच. पण डाळ, अंडी आणि भाजी आपल्या पैशाने आणायची असतात. पैसे संपले की ताटात रेशनचंच धान्य वाढत जातं. म्हणून कमी पिष्टाचं जेवण म्हणजे बदाम, चीज आणि महागडी पिठं असं समजू नका. आपल्या खिशाला परवडेल तेच आम्ही पुढे सांगत आहोत.

आधी मोजायला शिका

काही आकडे मनात ठेवा. ते साधारण आहेत, पण स्वयंपाकघरात उपयोगी पडतात.

- शिजलेला भात, एक आमटीची वाटी: सुमारे ४० ग्रॅम पिष्ट
- मध्यम चपाती, एक: १८ ते २० ग्रॅम
- ज्वारी किंवा बाजरीची मोठी भाकरी, एक: सुमारे ४५ ग्रॅम
- साखर, एक चमचा: ५ ग्रॅम
- अंडं, एक: १ ग्रॅमपेक्षाही कमी, वर ६ ग्रॅम प्रथिनं

भाकरीचा आकडा पाहून बायांना धक्का बसला. "भात सोडा, भाकरी खा, साखर उतरते," असं आपण ऐकत आलो आहोत. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त असतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, म्हणून भाकरी चांगलीच. पण एक मोठी भाकरी म्हणजे दोन चपात्यांपेक्षा जास्त पिष्ट. दोन भाकरी आणि वर भात खाल्ला तर साखर उतरायची नाही.

असेच आणखी काही गैरसमज आहेत. पेज काढलेल्या भातातलं पिष्ट थोडंसंच कमी होतं. भात तो भातच. गूळ आणि मधानेही साखर चढतेच. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतोच. साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्टच आहे.

आणि चहा? दोन-दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ८ चमचे, ४० ग्रॅम साखर. पहिली काटछाट इथेच करा. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. महिनाभरात जिभेला सवय होते.

ताटाची मांडणी

ताटाचे मनात चार भाग करा. दोन भाग भाजी: पालेभाजी, कोबी, दुधी, वांगी, दोडका, भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा, काकडी, मुळा. एक भाग प्रथिनांचा: अंडं, मासळी, मटण-चिकन, घट्ट डाळ, उसळ किंवा सोयाबीन. उरलेला एक भाग भात किंवा भाकरी. बटाटा भाजीत धरू नका, तो भाताच्या भागात जातो.

जेवतानाही क्रम ठेवा. आधी भाजी आणि प्रथिनं, शेवटी भात-भाकरी. एवढ्या बदलानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं गल्लीत चाला.

चार सोपे पदार्थ

*१. कोबी-भात.* ज्यांना भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांच्यासाठी. दोन माणसांना एक वाटी शिजलेला भात पुरतो. अर्धा गड्डा कोबी भाताच्या शितासारखा बारीक चिरा. कढईत दोन चमचे तेल, जिरं, लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परता. कोबी घालून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. झाकण ठेवू नका, पाणी सुटतं. कोबी बाजूला सारून दोन अंडी फोडा, हलवा, मग भात मिसळा. ताट भरलेलं दिसतं आणि माणशी अर्धीच वाटी भात पोटात जातो. थंडीत फ्लॉवर स्वस्त झाला की तो किसून असाच करा.

*२. हिरव्या मुगाचं धिरडं.* सालासकट दोन वाट्या मूग रात्रभर भिजवा. सकाळी आलं, लसूण, मिरची आणि जिरं घालून वाटा. मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक आणि मीठ घाला. तव्यावर थोड्या तेलात पातळ पसरून दोन्ही बाजूंनी भाजा. दहा-बारा धिरडी होतात. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन खाल्ली की पोहे-उपम्याची आठवण येत नाही. मुगातही पिष्ट असतंच, पण सोबत प्रथिनं आणि तंतू असल्याने ते हळूहळू पचतं.

*३. सुकट-वांगं.* एक वाटी सुकट निवडून कोरड्या तव्यावर भाजा. मग दहा मिनिटं पाण्यात ठेवून दोनदा धुवा, म्हणजे वाळू आणि मीठ निघून जातं. तेलात भरपूर कांदा आणि ठेचलेला लसूण परता. हळद, तिखट, वांग्याच्या फोडी आणि थोडं पाणी घालून शिजवा. वांगं मऊ झालं की सुकट आणि दोन आमसुलं घाला. मीठ चाखूनच घाला. रक्तदाब असलेल्यांनी खारी मासळी रोज खाऊ नये.

*४. सोयाबीनचा खिमा.* एक वाटी सोया वड्या पाच मिनिटं उकळा, थंड पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळा आणि हाताने किंवा पाट्यावर भरड करा. कांदा, आलं-लसूण, टोमॅटो आणि घरचा काळा मसाला परतून त्यात वड्या घाला. अर्धी वाटी पाणी घालून दहा मिनिटं शिजवा. कोरड्या वड्यांच्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. अर्ध्या भाकरीबरोबर हा खिमा पोटभर होतो.

याशिवाय उकडलेली अंडी, घट्ट पिठलं, मटकीची उसळ, अंबाडी, शेपू, तांदुळजा, शेवग्याचा पाला आहेच. वजडी, कलेजी आणि पाया हेही आपल्या घरचं जुनं, ताकदीचं अन्न. त्यावरून कोणी नाक मुरडलं म्हणून आपण लाजायचं कारण नाही. फक्त तेलाची तर्री बेताची ठेवा. आणि खारी-टोस्टवर आठवड्याला किती पैसे जातात ते एकदा मोजा. त्याच पैशात घरात अंडी येतात.

फोडी कोणाच्या ताटात?

आता जरा कडू बोलतो. मटण शिजलं, अंडी आणली, तरी ती कोणाच्या ताटात पडतात? आधी घरधन्याला, मग मुलांना, त्यातही मुलाला मुलीपेक्षा जास्त. बाई शेवटी बसते. पातेल्यात रस्सा उरलेला असतो, म्हणून ती भात जास्त घेते. बोट गमावलेल्या मावशींनी हेच सांगितलं, "फोडी मी कधी मोजल्याच नाहीत. त्या माझ्या नव्हत्याच." डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला आणि त्या खरंच फक्त भात कमी करून उपाशी झोपू लागल्या. चार दिवसांनी चक्कर आली आणि पथ्य सुटलं.

म्हणून आमचा नियम असा: स्वयंपाक झाला की आधी सगळ्यांची ताटं वाढा, स्वयंपाक करणारीचंही, आणि मग सगळे एकत्र बसा. चार अंडी असतील तर चार ताटात एकेक. समता आपण विहारात रोज बोलतो. ती पातेल्यापर्यंत पोचली नाही, तर मावशींचं पथ्य चालणार नाही.

एकदम नको, हळूहळू

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भात खाई. असाच एकदा जेवून धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला जेवणातली मात्रा ओळखण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. भात हळूहळू कमी होत एका लहान मापावर आला आणि राजाचं शरीर हलकं झालं. राजाने भात सोडला नाही, तो मोजून खाऊ लागला. आणि त्याला आठवण करून देणारं कोणीतरी रोज जवळ होतं. तुमच्या घरातल्या शाळकरी पोराला किंवा पोरीला हे काम द्या. "आजी, दुसरी वाटी!" एवढं त्याने म्हटलं तरी पुरे.

हे मात्र नक्की वाचा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-भाकरी एकदम कमी करू नका. औषध तेवढंच राहिलं आणि पिष्ट घटलं, तर साखर धोकादायकपणे उतरते. घाम, थरथर, धडधड, एकाएकी कडकडून भूक, गोंधळल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असलेल्यांनी पिष्ट फार कमी करणं धोक्याचं आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, क्षयाचे रुग्ण आणि अशक्त माणसं यांनी हे पथ्य स्वतःच्या मनाने करू नये. दिवसभर ओझी वाहणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या माणसाला मधुमेह नसेल तर त्याची भाकरी कमी करू नका. त्याच्या ताटात भाजी आणि अंडं मात्र वाढवा.

आणि तपासणी करा. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेहाची शक्यता धरून पुन्हा तपासून खात्री करतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि तिथून मागे फिरता येतं. मधुमेह असलेल्या बहुतेकांची जेवणानंतर दोन तासांची साखर १८० च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. रोज पाय धुऊन, पुसून, तळवे आरशात पाहा. अनवाणी फिरू नका.

या आठवड्यात एवढंच करा

चहातली साखर अर्धा चमचा कमी. रात्रीचा भात एकच वाटी, तोही शेवटी. रोज एकदा अंडं, घट्ट डाळ किंवा उसळ. घरातली सगळी ताटं एकाच वेळी. पुढच्या आठवड्यात आणखी एक पाऊल टाकू.

मावशी आता दर रविवारी डब्यात दोन धिरडी घेऊन येतात. वंदना झाली की आधी डबा उघडतात आणि शेजारणीला म्हणतात, "यातलं एक तुझं, एक माझं. माझं मी खाणार आहे, बरं का."