पाठ : सोहारचा इसहाक कसा होता?

गोष्ट
सोहार हे ओमानचे जुने बंदर. तेथील इसहाक बिन यहूदा या यहुदी दलालाची गोष्ट बुजुर्ग इब्न शहरयार याच्या ‘अजाइब अल-हिंद’ या दहाव्या शतकातील अरबी संग्रहात आहे. एका यहुद्याशी भांडण झाले, तेव्हा इसहाक २०० दीनार घेऊन हिंदुस्थानकडे निघाला. सुमारे तीस वर्षांनी, हिजरी ३०० मध्ये (इ. स. ९१२-१३), तो चिनी मालाने भरलेले स्वतःचे जहाज घेऊन परतला. जकात व झडती टळावी म्हणून त्याने ओमानचा अमीर अहमद बिन हिलाल याच्याशी तडजोड केली. अमिराला त्याने काळ्या चिनी मातीचे भांडे भेट दिले. आत माणकांच्या डोळ्यांचा सोन्याचा मासा आणि भोवती कस्तुरी होती.

कोणा मत्सरी माणसाने बगदादला खलिफा मुक्तदिर याचे कान भरले. इसहाकला पकडण्यास माणूस आला. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला. असे चालले तर जहाजे येणार नाहीत, असे त्यांनी कळवले. तो माणूस इसहाककडून सुमारे २,००० दीनार घेऊन परत गेला. इसहाक सर्व आवरून पुन्हा चीनकडे निघाला. वाटेत सुमात्रातील एका राजाने २०,००० दीनार मागितले. त्याने नकार दिला आणि रात्री त्याचा खून झाला.

शब्द आणि पुरावा
‘श्रीमंत’ ही परिस्थिती झाली, स्वभाव नव्हे. ‘धाडसी’ चालेल, थोड्या पैशांवर तो दूर देशी गेला, हा पुरावा. ‘उदार’ म्हणावे, तर भेटीशेजारीच जकातीची तडजोड आहे. म्हणून ‘व्यवहारी’ अधिक शोभते. ‘लोकांचा लाडका’ म्हणता येत नाही, कारण व्यापाऱ्यांनी सांगितलेली भीती धंद्याची होती.

जो शब्द वापरावा, त्याच्यामागे गोष्टीतली कृती किंवा बोलणे दाखवता आले पाहिजे. खलिफाचे कान भरणाऱ्याच्या शब्दांवरून एका माणसाला धरायला दूत आला. माणसाविषयी बोललेला शब्द इतका जड असतो.

स्वाध्याय
१. शेवटच्या नकारावरून इसहाक ‘हट्टी’ ठरतो की ‘बाणेदार’? गोष्टीत कारण दिलेले नाही, हे लक्षात घेऊन उत्तर लिहा.
२. आजी-आजोबांकडून घरातील एका पूर्वजाची गोष्ट ऐका. त्यांच्या स्वभावाचे दोन शब्द लिहा व प्रत्येकापुढे गोष्टीतला पुरावा द्या. मग ते आजी-आजोबांना वाचून दाखवा. त्यांना पटते का, ते विचारा.