कल्पवृक्षाचे संगणक-चित्र

हल्ली आपली मुले संगणकावर कल्पवृक्ष रेखाटतात. एकाच झाडाला वस्त्रे, दागिने, दिवे व पक्वान्ने लटकलेली असतात. कल्पना मौजेची खरी. परंतु तो वृक्ष न वाटता दुकानाची मांडणी वाटते. दिगंबर परंपरेत कल्पवृक्ष दहा प्रकारचे सांगितले असून वस्त्रांग, भूषणांग, दीपांग, भोजनांग इत्यादी प्रत्येकाचे देणे निराळे आहे. ‘तिलोयपण्णत्ती’ त्यांस वनस्पती न मानता पृथ्वीरूप मानते. म्हणून पानांच्या हिरवेपणापेक्षा रत्नांची झळाळी अधिक उचित.

दुसरी उणीव अशी की, चित्रातील वृक्ष सदैव बहरलेला दिसतो. पुराणांनुसार हे वृक्ष क्षीण झाले, तेव्हा भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही षट्कर्मे शिकविली. व्यापाऱ्याच्या मुलाने त्या ओसरत्या वृक्षाशेजारी एक तराजू अवश्य रेखाटावा.