लाल दिवा काय सांगतो?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण माझी दुसरी एक चूक मात्र नीट वाचा, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

गेल्या गणपतीत होस्टेलच्या अँप्लिफायरच्या एकाच चॅनलवर आम्ही चार स्पीकर जोडले. आरती झाली, गाणी लागली आणि एकदम सगळं गप्प. समोर ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा. बंद करून चालू केलं, दोन मिनिटांत पुन्हा तेच. असं सात-आठ वेळा झालं. शेवटी एकच स्पीकर ठेवला तरी दिवा जाईना. मी पडले इलेक्ट्रॉनिक्सची! झाकण उघडलं आणि आउटपुटचा रिले वायरने बायपास केला. ‘भुम्म’ असा आवाज आला आणि स्पीकरमधून धूर. वर्गणीतून घेतलेला स्पीकर गेला. मेसच्या मावशींनीही वर्गणी दिली होती. त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यातल्या एका रिपेअरवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, “अगं पोरी, फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालतात, तसलंच केलंस की तू!”

मग हिशोब कळला. ८ ओहमचे चार स्पीकर पॅरलल जोडले की २ ओहम होतात. अँप्लिफायरवर लिहिलं होतं, किमान ४ ओहम. लोड निम्मा झाला की करंट दुप्पट. म्हणून तो स्वतःला बंद करत होता. आम्ही परत परत चालू केल्यामुळे एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि आतला ५० व्होल्ट डीसी थेट आउटपुटवर आला. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स साधारण ६ ओहम असतो. म्हणजे ८ अँपिअर करंट आणि ४०० वॅट नुसती उष्णता! रिले तेच अडवत होता. मीच त्याला बाजूला केलं.

म्हणून गॅदरिंगच्या आधी एवढं लक्षात ठेवा:

१. चालू केल्यावर काही सेकंद प्रोटेक्टचा दिवा लागून गेला, तर घाबरू नका. आतला पुरवठा स्थिर होईपर्यंत रिले थांबतो.

२. दिवा राहिला, तर बंद करा, स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा, आवाज शून्यावर ठेवून पुन्हा चालू करा. दिवा गेला तर दोष बहुधा बाहेर आहे: वायरींचे धागे एकमेकांना चिकटलेत, नाहीतर स्पीकर जास्त झालेत. दिवा राहिलाच, तर दोष आत आहे. मेकॅनिककडे न्या.

३. तासाभराने बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल, तर उष्णता बघा. पंखा फिरतोय का? जाळीत धूळ आहे का? वर पडदा टाकलाय का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार होतं.

४. ‘क्लिप’चा दिवा मोठ्या ठोक्याला लुकलुकला तर चालेल. सतत पेटला तर आवाज कमी करा. लाटेचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि आधी ट्वीटर जळतो.

५. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मी हात घातला होता, वाचले. तुम्ही घालू नका.

त्या स्पीकरचे पैसे मी पॉकेटमनीतून भरले. मावशी हसून म्हणाल्या, “जाऊ दे गं, शिकलीस ना?” शिकले. लाल दिवा बिघाड करत नाही, तो वेळेवर सांगत असतो. आपण आधी ऐकायला हवं.